मोलेसरशास्त्र्यांच्या आडनावामागे पाच दिवस

शनिवार

आमच्या सांगलीच्या घरात मोल्सवर्थ हा माणूस नव्हता, वस्तू होती. अडकित्ता, पाटा-वरवंटा, तसा मोल्सवर्थ. शब्द अडला की अण्णा खुर्चीतूनच म्हणायचे, "मोल्सवर्थ आण गं." मग मी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणायची. पेटी शिकताना हात भात्यापर्यंत पोचावा म्हणून मला त्याच्यावरच बसवत. आमची प्रत पुण्याला १९७५ साली पुन्हा छापलेली, मूळ कोश १८३१ चा आणि सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. जेम्स थॉमस मोल्सवर्थ नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने, कँडी बंधू आणि पदरी घेतलेले शास्त्री यांच्या मदतीने, साठ हजारांच्या आसपास मराठी शब्द गोळा केले. लोकांनी त्याचा मोलेसरशास्त्री केला. ही पदवी कुठल्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती, म्हणून मला ती जास्त आवडते.

पण मोल्सवर्थ म्हणजे काय, हा प्रश्न सत्तरी जवळ येईपर्यंत मला पडला नाही. कुलकर्णी का कुलकर्णी हे ठाऊक असतं, जोशी का जोशी तेही. या माणसाच्या कोशात आयुष्यभर शब्दांचं कूळ शोधलं आणि त्याच्याच आडनावाचं शोधलं नाही. इंग्लंडात पीटरबरोला भाचीकडे आले होते. तिथे नकाशा चाळताना ते नाव दिसलं. गावाचं नाव! आणि भाचीच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत.

"मावशी, तिथे काही नाहीये. एक हवाई तळ आहे फक्त," जावई म्हणाले. ते पंधरा वर्षं या भागात आहेत.

"मग तर जाऊच."

गाव खरंच चिमुकलं आहे. केंब्रिजशरच्या पश्चिम कडेला, हायवेपासून जरा आत. पूर्वी हा भाग हंटिंग्डनशर नावाच्या वेगळ्या परगण्यात होता आणि जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. हायवेवर येताना एका पाटीवर कॅटवर्थ, दुसरीवर बकवर्थ. मी जावयांना गाडी हळू करायला लावली. वर्थ, वर्थ, वर्थ. आपल्याकडे कोकणात उतरताना वाडी, वाडी, वाडी लागते तसं.

आणि अर्थही जवळपास तोच निघाला. जुन्या इंग्रजीत वर्थ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, वस्ती. किंमत या अर्थाचा वर्थ हा वेगळाच शब्द, दिसायला सारखा एवढंच. पुढचा भाग मूल या माणसाच्या नावावरून. जावई म्हणत होते की मोल म्हणजे तो जमीन पोखरणारा प्राणी असेल. नव्हे. मूल हे नाव होतं, आणि त्या शब्दाचा अर्थ खेचर, त्यावरून मिश्र रक्ताचा माणूस. सातव्या शतकात केंट प्रांतावर मूल नावाचा राजाच होता, त्याला लोकांनी ६८७ साली जिवंत जाळलं. आमचा मूल तो नव्हे. आमचा कोणी साधा कुळंबी असणार, ज्याने चार खांब रोवले, काटेरी फांद्या आडव्या बांधल्या आणि म्हणाला, हे माझं. १०८६ साली विल्यम राजाच्या माणसांनी देशभराची जमीनझाडणी केली, त्या दफ्तरात हे गाव मोलेसवर्दे म्हणून लागलेलं आहे.

म्हणजे मराठीत सांगायचं तर मोल्सवर्थ म्हणजे मूलवाडीकर. त्यातला 'कर' इंग्रजांनी गाळला. आधी तो होता, फक्त पुढच्या बाजूला होता. घराण्याच्या वंशावळीत अगदी वरच्या टोकाला सर वॉल्टर द मोल्सवर्थ आहे, पहिल्या एडवर्ड राजाच्या काळातला, बेडफर्डशर आणि बकिंगहॅमशरचा शेरिफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी. हा 'द' म्हणजे नॉर्मन फ्रेंचातला 'चा'. पुढे शे-दीडशे वर्षांत इंग्रजांची आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली आणि तो 'द' हळूच गळून पडला. उरलं नुसतं गाव.

आता मोलाची गोष्ट म्हणजे, मराठीत मोल म्हणजे किंमत आणि इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमत. आयुष्यभर शब्दांचं मोल लावत बसलेल्या माणसाला असं दुहेरी आडनाव मिळावं! व्युत्पत्ती म्हणून हे शंभर टक्के चूक आहे. पण अण्णा असते तर दुपारभर हसले असते, म्हणून लिहून ठेवते.

सेंट पीटरचं देऊळ उघडं होतं. (चर्चला मी देऊळच म्हणते, भाचीला ते आवडत नाही.) आत भिंतीवर दोन मध्ययुगीन चित्रं आहेत. एकात संत ख्रिस्तोफर, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. दुसऱ्यात संत अँथनी. रंग उडून काव आणि राख एवढेच उरलेत. धर्मसुधारणेच्या काळात असली चित्रं चुन्याखाली गेली, मग कोणीतरी चुना खरवडला. ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा राखणदार. त्याला पाहून निघालेल्याला त्या दिवशी अपमृत्यू येत नाही असं मानत, म्हणून त्याला भलं मोठं काढत.

मग आम्ही थडगी वाचली. म्हणजे मी वाचली, जावई गाडीजवळ फोनवर होते. दगडांवर पिवळी-करडी दगडफुलं माजलेली. मसाल्यातलं दगडफूल याच्याच गणगोतातलं, वास मात्र नाही. अक्षरांच्या खाचांत ती भरलेली, त्यामुळे नाव डोळ्यांपेक्षा बोटाने लवकर लागतं. मी ओढणीच्या टोकाने पुसत, बोट फिरवत तासभर घालवला. जेवढे दगड लागले त्यात एकही मोल्सवर्थ नाही.

आणि तिथेच, ओल्या गवतात उभी असताना, मला ते लख्ख समजलं. असणारच नाही. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर कोण म्हणेल? तिथे सगळेच चिपळूणचे. पुण्याला जाऊन राहिला की तो चिपळूणकर होतो. हे आडनाव गावात जन्मलं नाही, गावाच्या वेशीबाहेर जन्मलं. पहिला कोणी शेजारच्या बाजारात गेला आणि तिथल्यांनी विचारलं, कुठला रे? त्या उत्तराचं आडनाव झालं.

हे आडनाव दुर्मीळ का, याचंही उत्तर यातच. न्यूटन नावाची गावं इंग्लंडात ठिकठिकाणी, म्हणून न्यूटन पुष्कळ. हे गाव एकच आणि चिमूटभर. त्यातून किती जण बाहेर पडणार, आणि त्यांतले किती वंश प्लेगातून, लढायांतून आणि नुसत्या मुलीच झाल्या या कारणातून वाचणार?

परत जाताना हवाई तळाचं कुंपण लागलं. दुसऱ्या महायुद्धात इथून अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जर्मनीवर जात. १९८० च्या दशकात इथे क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं तेव्हा शांततावाद्यांनी तंबू ठोकले, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये एका रात्रीत हजारावर सैनिक आणि पोलीस आणून त्यांना उठवलं. इंग्लंडातल्या मध्यमवयीनांना मोल्सवर्थ म्हटलं की काटेरी तारच आठवते. मूलचं कुंपण, दुसरं काय.

रविवार

फॉदरिंगे. पीटरबरोहून जवळ, आणि मोल्सवर्थ गावापासून वीसेक किलोमीटर. घराण्याची सोळाव्या शतकातली एक शाखा इथली. वंशावळीत असं सांगतात की इथल्या अँथनी मोल्सवर्थने एलिझाबेथ राणीचा पाहुणचार इतका केला की कर्जात बुडून जमीन विकावी लागली. खरं-खोटं तो जाणे. पण पाहुणचारात बुडालेली घराणी आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे मला पटलं.

इथे किल्ला होता, आता नुसतं टेकाड आहे. स्कॉटलंडच्या मेरी राणीचं डोकं इथे ८ फेब्रुवारी १५८७ ला उडवलं. तिसरा रिचर्ड जन्मला तोही इथेच. टेकाडावर चढले, खाली नीन नदी संथ, गाई पाण्यात पोटरीपर्यंत उभ्या. भाचीने दशम्या आणि लसणीची चटणी आणली होती. मेरी राणीच्या वधस्थळी बसून दशमी खाल्ली, आता सांगायला काय हरकत आहे.

संध्याकाळी हेल्प्स्टन. हेही मोल्सवर्थांचं जुनं ठिकाण, पण मी खरं तर जॉन क्लेअर या कवीसाठी गेले. शेतमजूर, १७९३ साली इथे जन्मला. आयुष्याच्या शेवटच्या काळात वेड्यांच्या इस्पितळात राहिला, पण मातीला इथेच आला. त्याची कबर सापडली. कवीचं गाव आणि कबर एकाच जागी. मोल्सवर्थांचं असं कुठेच जुळत नाही.

सोमवार

पॅडिंग्टनहून कॉर्नवॉलची गाडी. चारेक तासांचा प्रवास. डावीकडची खिडकी घ्या, असं भाचीने बजावलं होतं आणि मी उजवीकडे बसले. डॉलिशपाशी रूळ समुद्राला इतके चिकटून जातात की लाटेचे शिंतोडे काचेवर येतात, म्हणे. मला डोंगराची भिंत दिसली. समोरच्या बाईंच्या खांद्यावरून अर्धा समुद्र पाहिला.

या बाईंशी बोलणं निघालं. कशासाठी चाललात? मी म्हटलं, मोल्सवर्थ नावामागे. त्या एकदम खुलल्या. "तो शाळकरी पोरगा?" १९५० च्या दशकात इथे एका विनोदी पुस्तकमालेत मोल्सवर्थ नावाचा मुलगा होऊन गेला, बोर्डिंग शाळेत राहणारा, मास्तरांचा द्वेष्टा, आणि मुख्य म्हणजे शुद्धलेखनाच्या नावाने बोंब. प्रत्येक ओळीत दहा चुका. त्या पिढीतल्या इंग्रजांना मोल्सवर्थ म्हणजे तो. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मोल्सवर्थ म्हणजे ज्याच्या नावाने शुद्धलेखनाचे तंटे मिटतात तो. बाई इतक्या हसल्या की तिकीट तपासनीस थांबून बघायला लागला.

सॉल्टॅशपाशी टेमर नदीवर ब्रुनेल या इंजिनिअरचा १८५९ चा लोखंडी पूल. तो ओलांडला की कॉर्नवॉल. इथली भाषाच मुळात वेगळी होती, इंग्रजीपासून दूरची, वेल्शच्या जवळची. त्यामुळे आडनावंही वेगळी. ट्रे, पोल, पेन यावरून कॉर्निश माणूस ओळखावा, असं इथे म्हणतात. ट्रे म्हणजे वस्ती, पोल म्हणजे डोह, पेन म्हणजे टोक किंवा माथा. ट्रेलॉनी, पोलकिंगहॉर्न, पेनरोज. स्टेशनाच्या बाहेर व्हॅनवर, दुकानावर, सगळीकडे हेच. त्यात मोल्सवर्थ म्हणजे मालवणात एकदम कोणी पाटणकर-बाटणकर दिसावा तसं परकं. पण याच परक्या मुलखात ते नाव सगळ्यात जास्त रुजलं.

संध्याकाळची शेवटची बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. थांब्यावरचं वेळापत्रक मागच्या मोसमाचं होतं. टॅक्सीचे पैसे रुपयांत मोजायचे नाहीत असं मी स्वतःला बजावलं आणि मोजलेच.

मंगळवार

पेनकॅरो. बॉडमिन आणि वेडब्रिज यांच्या मधलं मोल्सवर्थांचं घर.

एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा माणूस डची ऑफ कॉर्नवॉलचा हिशेबतपासनीस होऊन इथे आला. डची म्हणजे युवराजाची जहागीर. आला, हेंडर घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं आणि राहिला. नोकरीनिमित्त आला, सासुरवाडीचा झाला. बायकोचं माहेरचं आडनाव पुढे नातवंडांचं पहिलं नाव झालं. त्यांतला एक हेंडर मोल्सवर्थ जमैकाला गेला, तिथे रॉयल आफ्रिकन कंपनीचा एजंट होता आणि पुढे काळजीवाहू गव्हर्नर. ही कंपनी गुलामांचा व्यापार करायची. १६८९ मध्ये त्याला बॅरोनेट केलं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी 'सर' पदवी दिली, आणि त्याच वर्षी तो वारला, पदवी भावाकडे गेली. अठराव्या शतकातल्या त्या देखण्या घरासमोर, मोकळ्या हिरवळीवर उभं राहून हे आठवत होतं. घर देखणं आहे, यात शंका नाही.

मला या घराण्यातला जवळचा वाटला तो सर विल्यम, आठवा बॅरोनेट, १८१० ते १८५५. केंब्रिजला असताना शिक्षकालाच द्वंद्वाचं आव्हान दिलं म्हणून हाकललेला. मग हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र वाङ्मय संपादित केलं, सोळा खंड. इंग्लंडातून गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियाला जहाजात घालून पाठवत, त्या पद्धतीवर १८३७-३८ मध्ये पार्लमेंटची समिती बसली. तिचा अध्यक्ष हाच. अहवाल इतका झणझणीत निघाला की १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं बंद झालं. शेवटी वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच गेला, पंचेचाळीशीत, मागे मूलबाळ नाही.

म्हणजे बघा, हा इकडे हॉब्जची प्रुफं तपासत होता आणि पहिला कोश तिकडे मुंबईत काही वर्षांपूर्वीच छापून निघाला होता. एकाच आडनावाची दोन माणसं, दोघांनाही जाडजूड ग्रंथांचं वेड. या घराशी आपल्या मोलेसरशास्त्र्यांचा वंशवृक्ष जोडून दाखवायचा हट्ट मी धरला नाही. आडनावाने नातं लागत असतं तर सांगलीतले सगळे जोशी माझे दीर झाले असते.

बागेत विल्यमने लावलेली झाडं आहेत. त्यांत चिलीहून आलेलं अरोकेरिया. याची प्रत्येक फांदी म्हणजे खवल्यांची साखळी. खवला त्रिकोणी, कातड्यासारखा चिवट, टोकाला सुईसारखा काटा. मी एकावर बोट ठेवलं, आणि एक थेंब रक्त आलं. फांदीवर खवले असे दाटीने एकावर एक बसलेले की साल कुठे दिसत नाही. आपल्या फणसाला कोणी ओढून लांब केलं तर असा दिसेल. १८३० च्या दशकात हे झाड इथे लागलं तेव्हा चार्ल्स ऑस्टिन नावाचे पाहुणे म्हणाले, यावर चढायचं म्हटलं तर माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून इंग्रजीत या झाडाचं नाव 'मंकी पझल' पडलं, असं सांगतात. शब्द जन्मल्याची जागा म्हणून मी त्या झाडाखाली बराच वेळ बसले. रुमालाला रक्ताचा डाग घेऊन.

विल्यमनंतर वंश चुलत घरात गेला. पेनकॅरोचे मोल्सवर्थ आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन आहेत. दुसऱ्या घराण्याची इस्टेट आली की त्याचं नावही जोडायचं, ही इंग्रज जमीनदारांची रीत. आपल्याकडे दत्तक गेलेला पूर्वीचं आडनाव सोडतो. हे दोन्ही धरून ठेवतात.

बुधवार

वेडब्रिज. कॅमल नदीवरचं छोटं, गजबजलेलं गाव. पंधराव्या शतकातला लांब दगडी पूल, ज्याचे पाये लोकरीच्या गाठोड्यांवर घातले अशी दंतकथा. इथे मोल्सवर्थ सगळीकडे. बाजाराची गल्ली मोल्सवर्थ स्ट्रीट. तिच्यावरची जुनी खानावळ मोल्सवर्थ आर्म्स. इथून बॉडमिनला जाणारी रेल्वे ३० सप्टेंबर १८३४ ला सुरू झाली, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडीच्या जवळपास एकोणीस वर्षं आधी, आणि तिच्यात पैसा विल्यमचाही. समुद्रातली शिंपल्यांची वाळू शेतांत खत म्हणून न्यायची, हा तिचा मोठा धंदा. आता त्या मार्गावरून रूळ काढून सायकलवाट केलीय. दोन पोरं माझ्या अंगावरून घंटी वाजवत गेली.

खानावळीत चहा घेताना भाचीने फोनवर दोन नकाशे पाठवले. आयर्लंडला गेलेल्या शाखेतला रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ मध्ये व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. त्याआधी डेन्मार्कला वकील म्हणून गेला होता आणि परत येऊन त्या देशावर असं पुस्तक लिहिलं की डॅनिश सरकारने तक्रार केली. त्या घराण्याच्या नावाचा रस्ता डब्लिनला आहे, थेट आयरिश पार्लमेंटच्या समोर संपणारा. दुसरा नकाशा वेलिंग्टनचा. न्यूझीलंडचं पार्लमेंटही मोल्सवर्थ स्ट्रीटवर! तो आपल्या विल्यमच्या नावाचा. न्यूझीलंडमधलं सगळ्यात मोठं गुरांचं कुरणही मोल्सवर्थ, एक लाख ऐंशी हजार हेक्टर. मूलने चार खांब रोवून घेतलेलं आवार केवढं झालं. मात्र मूळ गावात, माझ्या बोटाला लागलेल्या दगडांवर, एकही नाही.

दुपारी नदीकाठी बाकावर बसून दादाला फोन लावला. सांगलीत रात्र होत आली होती. अण्णांच्या मागे कोश त्याच्याकडेच आहे.

"दादा, जरा मोल्सवर्थ काढ ना. 'मोल' शब्द बघायचाय, पानाचा फोटो पाठव."

"आत्ता नाही निघणार."

"का रे?"

"नातू त्याच्यावर बसून जेवतोय. टेबलाला हात पुरत नाही त्याचा."